विकायला नाही

१

मंगळवारी आमचं दुकान बंद असतं आणि मंगळवारी मी लेन्सा पुसते. एकवीस वर्षं हा नेम आहे.

कर्जत स्टेशनकडून पूल ओलांडून आलं की दहिवली. तिथे आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढची खोली म्हणजेच स्टुडिओ. तिथे मागचा निळा पडदा, छत्रीवाले दोन दिवे, पासपोर्ट फोटोचं स्टूल, माझी शिलाई मशीन, सासूबाईंची कॉट आणि काचेच्या दाराचं एक लोखंडी कपाट. त्या कपाटात नरेश, म्हणजे आमचे हे, यांचा जीव असतो. लग्नाचे फोटो काढतात ते. पण खरं सांगायचं तर फोटो काढण्याइतकंच त्यांना कॅमेरे घेण्याविकण्याचं वेड आहे. एक लेन्स विकायची, दुसरी घ्यायची, मग पहिलीची आठवण येते म्हणून ती परत घ्यायची. नेरळचे हर्षद म्हणून त्यांचे एक मित्र आहेत. एकच लेन्स या दोघांमध्ये तीनदा इकडून तिकडे गेली आहे. प्रत्येक वेळी दोघंही खूश.

घरात नवीन डबा आला की सासूबाई कॉटवरून विचारतात, "ह्ये कितवं बाळ रं, नरेश?"

"शेवटचं, आई."

"मागच्या टायमाला बी शेवटचंच व्हतं."

सांभाळायचं काम माझं. आमच्याकडच्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. एकदा धरली की कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि लेन्स वाया जाते. म्हणून कपाटात एक लहान दिवा कायम चालू असतो आणि डब्यांत सिलिकाचे निळे खडे असतात. ओल पिऊन ते गुलाबी झाले की मी जुन्या तव्यावर मंद आचेवर परतते, ते पुन्हा निळे होतात. बुरशीला उजेड सोसत नाही, म्हणून मंगळवारी सगळी टोपणं काढून लेन्सांची तोंडं बाहेर खोलीकडे करून ठेवते. मी दहावी शिकलेय. हे सगळं कुठल्या पुस्तकात नाही, करून करून आलेलं आहे.

आणखी एक काम माझं. वस्तू विकायची असली की फोटोग्राफरांच्या ग्रुपवर तिचा फोटो टाकतात. तिच्या शेजारी एक चिठ्ठी ठेवावी लागते. चिठ्ठीवर मालकाचं नाव आणि आजची तारीख. म्हणजे वस्तू खरोखर आपल्या घरात आहे, फोटो कुठून उचललेला नाही, हे समोरच्याला कळतं. कालच्या तारखेची चिठ्ठी चालत नाही. चिठ्ठ्या मी लिहिते, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

हे आधी सांगितलं, कारण पुढे या चिठ्ठ्यांचीच मला मदत झाली.

२

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी आम्ही खालापूरला गेलो. तिथल्या एका गृहस्थांना कॅमेरा विकायचा होता. वय सत्तरीच्या पुढे. शेजारीपाजारी त्यांना तात्या म्हणत होते. जुन्या, शिकलेल्या घरातले वाटत होते, बोलणं मऊ होतं.

घर चांगलं मोठं, पण आत काहीच नव्हतं. दोन खुर्च्या आणि एक कोनाडा. भिंतींवर खिळे होते आणि खिळ्यांखाली रंगाचे पांढरट चौकोन. कधीतरी तिथे फ्रेमा असणार. फरशीवर कपाटांच्या पायांचे ठसे होते.

मी सहज विचारलं, "सामान हलवलंत का?"

"विकलं," तात्या म्हणाले. "वापरात नव्हतं."

कॅमेरा त्यांनी एका मऊ सुती साडीत गुंडाळून ठेवला होता. कोनाड्यात, भिंतीकडे तोंड करून. लेन्सच्या टोपणावर काळी चिकटपट्टी चारी बाजूंनी मारलेली. सोबत एक कागद होता, त्यावर शटर काउंट लिहिलेला. कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले त्याचा तो आकडा. गाडी किती किलोमीटर पळाली हे जसं जुनी गाडी घेताना बघतात, तसं हे बघतात. एक्केचाळीस हजार तीनशे बारा.

"टोपण काढू नका," तात्या म्हणाले.

नरेश हसले. "टोपण काढल्याशिवाय फोटो कसा काढायचा, तात्या?"

"ठेवायला घेताय ना? मग ठेवा. टोपण नका काढू." मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "घरात कोण कोण असतं तुमच्या?"

मी काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला आता आठवत नाही. त्यांनी परसातल्या काकड्या एका पिशवीत भरून दिल्या. निघताना मी त्यांना विचारलं, "आणि तुमच्या घरात?"

त्यांनी दाराकडे बघितलं. "होते," म्हणाले.

येताना नरेश गाडी चालवत होते आणि मी पुढे बसले होते, मांडीवर काकड्यांची पिशवी घेऊन. खोपोलीच्या पुढे रस्ता खराब आहे, म्हणून कॅमेरा मागच्या सीटवर मांडीवर नीट धरून आणला. घरी पोचल्यावर नरेश म्हणाले, "म्हातारबुवांना बुरशीची काही कल्पना नाही. असं बंद करून ठेवलं तर वर्षात लेन्स खलास होईल."

मलाही तेच वाटलं. मंगळवार होता. मी चिकटपट्टी सोलली, रॉकेलच्या बोळ्याने डिंक पुसला, टोपण काढलं आणि तो कॅमेरा वरच्या फळीवर ठेवला. बाकीच्यांसारखाच, तोंड खोलीकडे करून.

३

पुढच्या मंगळवारी दुपारी हर्षद आले. नवीन कॅमेरा बघून त्यांची नजर बदलली.

"काउंट किती, वहिनी?"

मी कॅमेरा कॉम्प्युटरला लावून बघितला. एक्केचाळीस हजार तीनशे एकोणीस.

"कागदावर बारा आहे," हर्षद म्हणाले. "सात फोटो काढले वाटतं नरेशरावांनी."

"हात नाही लावला मी त्याला," नरेश म्हणाले. "कार्डसुद्धा नाही त्यात. मेघा, पुसताना तुझं बोट पडलं असेल."

"पुसला मी आत्ता तासाभरापूर्वी. सात वेळा बोट पडेल का?"

"मग भूत असेल," हर्षद म्हणाले आणि दोघं हसले.

आमच्या घरात भूतबीत मानत नाहीत. माझे सासरे बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणायचे आणि म्हणायचे तशाच पाळायचे. अंगात आलेल्या बाईला ते आधी पाणी द्यायचे आणि मग दवाखान्यात न्यायचे. मीही तशीच. काही विचित्र दिसलं की आधी कारण शोधायचं. म्हणून मी ठरवलं, कॅमेऱ्यात एक कार्ड घालून ठेवू. फोटो काढले जात असतील तर कार्डावर दिसतील.

त्याच आठवड्यात दुसरी एक गोष्ट झाली होती. ती तेव्हा मी मनावर घेतली नाही. रोज दोन भाकऱ्या उरायला लागल्या होत्या. पीठ मी डोळे मिटून घेते, इतकी सवय. पण सगळ्यांची जेवणं झाली तरी टोपल्यात दोन राहायच्या.

"कुनासाठी करतीस गं इतक्या?" सासूबाई विचारायच्या.

"चुकतंय माप," मी म्हणायचे.

४

बुधवारी कार्डावर एक फोटो होता. वेळ दुपारी एक वाजून चाळीस मिनिटं.

कपाटातून दिसते तशी आमची खोली. पडदा, स्टूल, मशीन, कॉटवर झोपलेल्या सासूबाई, खाली बसून लसूण सोलणारी मी. अगदी चांगला फोटो, काचेतून काढलेला असूनही स्वच्छ. फक्त छत्रीवाला एकच दिवा होता.

मी मान वर करून बघितलं. दोन्ही दिवे जागेवर होते.

मी नरेशना विचारलं, "दुपारी दिवा हलवला होतात का?"

"नाही. पण बरी आठवण केलीस. एक दिवा काढून टाकावा म्हणतोय. वापरात नाही." संध्याकाळी हर्षद येऊन दिवा घेऊन गेले.

मी मनाची समजूत घातली. नरेश रोजच काही ना काही विकत असतात. दिवा दुपारी त्यांनी हलवला असेल आणि विसरले असतील. कॅमेऱ्यात आपोआप फोटो काढायची सोय असते, तात्यांनी ती चालू ठेवली असेल. दोन्ही गोष्टी होऊ शकतात. एवढंच की त्या दोन्ही एकाच दिवशी झाल्या.

मी टोपण परत लावलं, चिकटपट्टीही मारली. गुरुवारी एक चाळीसला काढलेला फोटो कार्डावर होताच. टोपण लावलेलं असताना.

शनिवारच्या फोटोत माझी शिलाई मशीन नव्हती.

ती मला आईने दिलेली. रविवारी सकाळी नरेश म्हणाले, "मेघा, मशीन नुसती पडून आहे ना? पळसदरीच्या एक बाई विचारत होत्या." आणि मी म्हटलं, "हो, पडूनच आहे." मी म्हटलं हे. माझ्या तोंडाने. बाईंचा टेंपो आला, मशीन गेली आणि मी भांडी घासायला बसले. दिवसभर मला काहीसुद्धा वाटलं नाही.

सोमवारी ट्रंकेतून अर्धवट शिवलेला एक ब्लाउज हाताला लागला. टाके माझे. सुई तशीच कापडात. मी तो घेऊन किती वेळ उभी राहिले. हे मी कशावर शिवलं?

"अहो, माझी मशीन?"

"कोणती मशीन?" नरेश म्हणाले. चेष्टा करत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं.

"आई, माझी मशीन होती ना इथे?"

सासूबाई विचारात पडल्या. "तुजी मशीन व्हती? कंदी गं?"

फरशीवर चार पायांचे चार ठसे होते. मी त्यांवर बोट फिरवून बघितलं. त्या दिवशी मी एक वही घेतली आणि खोलीत काय काय आहे ते सगळं लिहून काढलं. माणसंही लिहिली. नरेश. जानकीबाई. मी.

५

मंगळवारी दुपारी मी मुद्दाम जागेवर बसून राहिले. सासूबाईंचे पाय दुखत होते, ते दाबत होते. त्या घोरत होत्या. बाहेर रिक्षावाला गॅसच्या टाकीवरून कोणाशी तरी भांडत होता. एक चाळीस झाले तेव्हा कपाटात खट् असा आवाज झाला. काचेवर चिमणीने चोच मारावी एवढाच.

पाच मिनिटांनी उठले. कार्ड काढलं, कॉम्प्युटरला लावलं.

फोटोत कॉट होती. कॉटवर गोधडी होती आणि गोधडीला मधोमध खळगा पडलेला होता. कॉटच्या पायथ्याशी मी बसलेली. माझे दोन्ही हात पुढे, बोटं गोल वळलेली. बोटांच्या आत काही नव्हतं. एका घोट्याएवढी रिकामी जागा मी दोन्ही हातांत धरून दाबत होते.

मी मागे वळून बघितलं. सासूबाई घोरत होत्या.

संध्याकाळी जेवताना नरेश म्हणाले, "आईला कशेळ्याला पाठवूया का? कपिलकडे."

कपिल माझे धाकटे दीर. भला माणूस. सासूबाई दर दिवाळीला त्यांच्याकडे जातात, हौसेने जातात. दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे बोलणं झालं असतं तर मीच त्यांची पिशवी भरली असती. पण नरेश आईकडे बघत होते ती नजर मला ओळखीची होती. विकायच्या आधी लेन्स उजेडात धरून तिच्यावर ओरखडे आहेत का ते बघतात, ती नजर.

"इथे नुसती पडून असते," ते म्हणाले. "जुनी आहे, पण कंडिशन चांगली आहे. तिकडे घेतील कोणीतरी."

भाकरीचा तुकडा माझ्या हातात राहिला.

"काय म्हणालात?"

"काय म्हणालो?" त्यांनी भात कालवला. "आईला कशेळ्याला पाठवू म्हणालो."

"आई कुठेही जाणार नाही."

"अगं, चार दिवस..."

"चार तास नाही. अर्धा तास नाही."

एकवीस वर्षांत मी त्यांच्याशी अशा आवाजात बोलले नव्हते. सासूबाईंनी ताटावरून मान वर केली. "ये बया," त्या म्हणाल्या, "आज मेघीला काय झालंया?"

६

बुधवारी सकाळी कॅमेरा पिशवीत घालून मी एकटी खालापूरला गेले. परत द्यायचा, बास. नाही घेतला तर दारात ठेवून यायचा. विकायचा तर नव्हताच. जे आपल्या घरात नको ते चिठ्ठी लिहून दुसऱ्याच्या घरात पाठवायचं, हे माझ्याने झालं नसतं.

तात्या दार उघडून उभे राहिले. आता एकच खुर्ची होती.

"कोण आपण?"

"मी मेघा. दहिवलीहून. तुमचा कॅमेरा परत आणलाय."

त्यांनी पिशवीत बघितलं. "माझा नाही हा. मी कधी कॅमेरा वापरला नाही."

"तुम्ही काकड्या दिल्या होत्यात मला."

"असेल," ते नम्रपणे म्हणाले. "परसात लागतात."

त्यांच्या खांद्यामागे आतल्या दाराची चौकट होती. चौकटीवर पेन्सिलीच्या आडव्या रेघा होत्या, खालून वरपर्यंत. मुलं वाढतात तशा मारतात त्या. काही रेघांपुढे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ईशानी, पाच वर्षं. सिद्धांत, तीन. ईशानी, नऊ.

"ईशानी कोण, तात्या?"

त्यांनी वळून बघितलं. पहिल्यांदाच बघत असावेत तसे वाकून बघितलं. "आधीच्या मालकांची मुलं असतील."

"घर कोणी बांधलं हे?"

"मीच की," तात्या म्हणाले.

 त्यांचा हात चौकटीवर गेला आणि एका रेघेवर थांबला, त्यांच्या कमरेएवढ्या उंचीवर. तिथून तो हलेना. मी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. मी पिशवी उचलली आणि निघाले. त्या माणसाच्या दारात ती ठेवून येणं मला जमलं नाही. त्याच्याकडून आणखी काय न्यायचं राहिलं होतं?

एसटीत मी विचार करत होते. फोडून टाकावा का? पाट्यावर ठेवून वरवंट्याचे दोन घाव. पण फोटोचं एक आहे, शेवटचा जो काढलेला असतो तो खरा धरतात. या कॅमेऱ्यात शेवटचा फोटो सासूबाई नसलेला होता. आत्ता फोडला तर तोच शेवटचा राहणार. आधी त्यांचा फोटो त्यात यायला हवा होता.

७

घरी आले तेव्हा साडेबारा वाजले होते. नरेश माझीच वाट बघत होते. टेबलावर एक कोरा कागद आणि पेन मांडून ठेवलेलं.

"बरं झालं आलीस. एक चिठ्ठी लिहून दे. तुझं अक्षर चांगलं आहे."

"कशाची?"

त्यांनी कॉटकडे हात केला.  मोबाइल त्यांच्या हातात तयार होता. कॉटवर सासूबाई बसून कानातलं बघत होत्या आरशात.

 मला राग आला. असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. नरेशचा नाही. ते बिचारे झोपेत चालल्यासारखे उभे होते. राग आला तो पिशवीतल्या त्या कॅमेऱ्याचा, जो माझ्या घरात बसून, मी पुसलेल्या काचेतून, माझ्याच माणसांत काय वापरात नाही ते ठरवत होता.

"लिहिते," मी म्हटलं. "बसा तुम्ही तिथे स्टुलावर."

कॅमेरा मी पिशवीतून काढून फळीवर होता तसा ठेवला. चिकटपट्टी सोलून टोपण काढलं. चोरून कशाला, समोरासमोर होऊ दे. मग सासूबाईंना कालचा फोटो दाखवला आणि जे होतं ते सगळं सांगितलं. त्या कॉम्प्युटरपाशी वाकून बघायला लागल्या.

"ह्यात मी कुटं हाय?"

"नाही आहात. पण तुम्ही इथेच होतात. मी पाय दाबत होते तुमचे."

"मंजी माजी गोधडी काडली आन मला नाय काडली?"

"हो."

"त्याच्या..." त्यांनी कॅमेऱ्याला एक शिवी दिली, ती मी इथे लिहीत नाही. मग म्हणाल्या, "मला न्हेनार हाय व्हय? माज्या मालकानं बांदलेल्या घरातनं? हिरवं लुगडं काड ट्रंकेतलं. आन पावडर दे. असल्या फोटूत मी जुन्या लुगड्यात नाय बसनार."

एक पस्तीसला आम्ही कॉटवर शेजारी शेजारी बसलो. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. हिरवं लुगडं, कपाळापर्यंत पावडर. नरेश स्टुलावर. मी चिठ्ठी लिहिली, माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात, आणि छातीशी धरली.

जानकीबाई गायकवाड. नरेश गायकवाड. मेघा गायकवाड. आजची तारीख. आणि खाली मोठ्या अक्षरात, विकायला नाही.

"काय लिवलंस?" सासूबाईंनी ओठ न हलवता विचारलं. फोटोत हलायचं नाही हे त्यांना माहीत आहे.

मी वाचून दाखवलं.

"मोठ्यानं वाच. त्याला बी ऐकू जाऊ दे."

मी मोठ्याने वाचलं. कपाटात खट् झालं नाही. एक चाळीस होऊन गेले, एक्केचाळीस झाले. काचेच्या आतल्या दिव्याचा उजेड हळूहळू पिवळा, मग लाल होत गेला आणि फळीवरच्या खड्यांच्या डब्यांत काहीतरी बारीक तडतडायला लागलं, तव्यावर तडतडतं तसं. सासूबाईंच्या हाताची पकड सैल होते आहे असं मला वाटलं. मी खाली बघितलं नाही. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. नरेशच्या तोंडून माझ्यामागोमाग शब्द यायला लागले, आधी पुटपुटल्यासारखे, मग स्पष्ट. "विकायला नाही."

खट्.

फोटोत आम्ही तिघं होतो. सासूबाईंचे डोळे मिटलेले आले होते, त्यावरून त्या संध्याकाळपर्यंत धुसफुसत होत्या.

डब्यांतले खडे सगळेच्या सगळे गुलाबी झाले होते. सकाळीच मी ते परतून निळे केले होते.

नरेश कॉटवर येऊन बसले आणि आईच्या मांडीवर त्यांनी डोकं ठेवलं. "मी काय करत होतो गं, मेघा?"

"काही नाही. जेवून घ्या."

८

फोटो आला तर कॅमेरा फोडायचा असं मी ठरवलं होतं. वरवंटा काढूनसुद्धा ठेवला होता. तो परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, त्याचं कारण टोपल्यातल्या दोन भाकऱ्या.

जेवणं झाली आणि त्या नेहमीसारख्या उरल्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. एकवीस वर्षं माझ्या हाताचं माप चुकलेलं नाही. नऊ भाकऱ्या. नरेशना चार, सासूबाईंना एक, मला दोन. उरलेल्या दोन मी कोणासाठी करते?

मग एकेक आठवत गेलं. आठवत नाही असं आठवत गेलं. खालापूरहून येताना कॅमेरा मांडीवर धरून आणला. नरेशच्या हातात गाडी होती. माझ्या मांडीवर काकड्या होत्या. मागच्या सीटवर कॅमेरा कोणी धरला होता?

टोपण काढल्यापासून कार्ड घालेपर्यंत सात दुपारी गेल्या होत्या. सात फोटो, जे कोणी पाहिले नाहीत.

मी घर शोधलं. ताटाळ्यात चार ताटं आहेत. दाराशी चार खिळे आहेत, तीन खिळ्यांवर आमच्या पिशव्या. सिलिकाच्या एका डब्यात, खड्यांच्या तळाशी, केसांना लावायचा एक जांभळा चाप मिळाला. मी केस बांधते ते सुतळीसारख्या काळ्या रबराने. सासूबाई अंबाडा घालतात.

मी तो चाप घेऊन भिंतीशी बसले आणि नाव आठवायचा प्रयत्न केला. रात्र झाली. आलं नाही. मुलगी होती का भाची, लहान होती का मोठी, तेही आलं नाही. रडूसुद्धा आलं नाही, कारण कोणासाठी रडायचं ते कळत नव्हतं. फक्त हाताला माप कळत होतं.

म्हणून कॅमेरा फोडला नाही. त्याने नेलंय, तर परत द्यायची वाटही त्यातूनच असेल. नसेलही. पण मी माझ्या बाजूने दार लावणार नाही.

आता रोजचा नेम असा आहे. चिठ्ठी मी रोज नवीन लिहिते, कारण कालची तारीख चालत नाही. नरेश हल्लीही लेन्सा घेतात, विकतात, हर्षदशी तीच ती अदलाबदल चालू असते. त्यांचं वेड आहे, असू दे. पण वरच्या फळीला ते हात लावत नाहीत. एक पस्तीसला आम्ही तिघं कॉटवर बसतो. सासूबाई पावडर लावून. त्यांना आता डोळे उघडे ठेवायला जमतं.

आमच्या शेजारी मी एक ताट मांडते, चौथं. त्यात दोन भाकऱ्या आणि जांभळा चाप. ताटाला टेकवून दुसरी चिठ्ठी. तिच्यावर नावाची जागा मी कोरी सोडते. खाली लिहिते, या घरातली. विकायला नाही. परत पाठवा.

"नाव नाय म्हायती तर कुनाला बलावतीस?" पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं होतं.

"जिची भाकरी आहे तिला."

त्यांनी गोधडी सारखी केली. मग म्हणाल्या, "मंग ताट माज्या बाजूला ठेव. मला जरा सरकून बसाय येतंय."

कालपर्यंत अठ्ठावीस दिवस झाले. अठ्ठावीस फोटो. ताट, दोन भाकऱ्या, चिठ्ठी, चाप. रोज तेच. रोज खडे गुलाबी होतात, रोज मी ते परतते.

आज दुपारचा फोटो मी तीनदा बघितला. मग नरेशना दाखवला, मग सासूबाईंना. माझा एकटीचा भास नको म्हणून.

ताटातल्या भाकऱ्या इथे माझ्यासमोर आहेत. दोन्ही अख्ख्या, गोल, मी थापल्या तशा. पण फोटोत वरची भाकरी मोडलेली आहे. कडेचा एक तुकडा नाही. लहान घासाएवढा.

कोरडी भाकरी खाल्ली कोणीतरी.

उद्यापासून मी भाजीही वाढणार आहे.